औसा तालुक्यातल्या सोयाबीनसाठी आपत्ती निधी: वर्गणीचं गणित कसं मांडावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. औसा तालुक्यात तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, हजार सभासद, प्रत्येकाचं साधारण तीन एकर सोयाबीन. अतिवृष्टी, पूर, पावसाचा खंड, गारपीट यांतल्या नुकसानीत सभासदांना मदत करायला निधी उभारायचा आहे. बारा वर्षांच्या नोंदी जमवून तुम्ही एकरी सरासरी नुकसान काढलंत, रुपयांत: ०, ५००, ०, १,२००, ९,०००, ०, ८००, ०, २,५००, ६,८००, ०, ८,०००. सरासरी आली २,४००. त्यावर वीस टक्के जास्त धरून एकरी २,८८० वर्गणी ठेवली तर निधी पुरेल का, की यासाठी वेगळं मॉडेल लागतं, असं तुम्ही विचारता.

मी बावीस वर्षं हेच काम केलं. आधी विमा कंपनीत, नंतर विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्या पुनर्विम्याच्या धंद्यात. घर निलंगा तालुक्यात, शेत तेरणेच्या अंगाला, त्यामुळे तुमचे आकडे मला कागदावरचे वाटत नाहीत. उत्तर आधी देतो: २,८८० पुरणार नाहीत. नुसती वर्गणी वाढवूनही प्रश्न सुटणार नाही, कारण अडचण निधीच्या रचनेत आहे.

तुमच्याच आकड्यांकडे पुन्हा बघा. २,४०० च्या आसपास नुकसान झालेलं वर्ष बारात एकच आहे. बाकी वर्षांत एक तर काहीच नाही किंवा अगदी थोडं, नाही तर एकदम सहा-आठ-नऊ हजार. ९,०००, ६,८०० आणि ८,००० ही तीन वर्षं मिळूनच एकूण नुकसानीचा ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा उचलतात. म्हणजे ‘दरवर्षी सरासरी किती’ या प्रश्नाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. वाईट वर्ष येईल त्या दिवशी पेटीत किती असेल, हा खरा प्रश्न आहे. तीन हजार एकरांवर २,८८० प्रमाणे वर्षाला ८६ लाख ४० हजार जमतात. ६,८०० चं वर्ष आलं तर लागतात दोन कोटी चार लाख. दोन वर्षं एक पैसाही न देता साठवले तरी तेवढे होत नाहीत. बारात तीन वाईट वर्षं, म्हणजे चारातलं एक. हा हिशेब धरला तर पहिल्या दोन वर्षांत एखादं तरी वाईट वर्ष येण्याची शक्यता ४४ टक्के निघते. जवळजवळ निम्मी शक्यता अशी की निधी उभा राहतो न राहतो तोच रिकामा होईल, आणि सभासदांचा विश्वास एकदा गेला की तो निधी पुन्हा उभा राहत नाही. मी हे होताना पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मोटारीच्या विम्यात लातूरमधल्या एकाच्या गाडीला अपघात झाला म्हणून शेजाऱ्याच्या गाडीला होत नाही. म्हणून हजार गाड्या एकत्र आणल्या की चढउतार आपोआप सपाट होतो. हजार शेतांचं नुकसान एकमेकांपासून असंच स्वतंत्र असतं तर निधीतला चढउतार एका शेताच्या चढउताराच्या एकतीस-बत्तिसाव्या भागावर आला असता. पण २७-२८ सप्टेंबर २०२१ ला ‘गुलाब’ चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून गेले तेव्हा पाऊस गट नंबर विचारून पडला नाही. शेतांच्या नुकसानीतला सहसंबंध (० म्हणजे शेतं पूर्ण स्वतंत्र, १ म्हणजे सगळ्यांचं एकदमच) ०.५ धरला तर हजार शेतं एकत्र करूनही चढउतार जेमतेम २९ टक्क्यांनी कमी होतो. सभासद दहा हजार केले, तरी ते याच तालुक्यातले असतील तर त्यापुढे काही फरक पडत नाही. एकाच ढगाखालच्या माणसांनी एकमेकांचा विमा उतरवण्याला ही मर्यादा आहे. आपल्याकडे एकमेकांना धरून राहण्याची रीत आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण गणित इथे त्या रीतीच्या बाजूने उभं राहत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की नुकसानीचे दोन ढीग करा. एक ढीग ज्याचं त्याचं नुकसान: ओढ्याकाठचं शेत खरडून गेलं, चिबड जमिनीत पाणी साचून पीक पिवळं पडलं, वीज पडून कापलेल्या पिकाची बनीम (गंजी) जळाली, गारांचा पट्टा चार शिवारांवरून गेला. दुसरा ढीग सगळ्यांचं नुकसान: ऑगस्टमधला पंचवीस दिवसांचा खंड, सप्टेंबरअखेरचा अख्ख्या महसूल मंडळावरचा पाऊस. पहिला ढीग तुमचा निधी उत्तम सांभाळू शकतो, कारण तिथे शेतं बऱ्यापैकी स्वतंत्र वागतात. दुसरा ढीग तालुक्याबाहेर, जिल्ह्याबाहेर, शक्य तितका दूर पाठवायचा.

याला आणखी एक कारण आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात भरपाई मंडळाच्या पातळीवर काढलेल्या सरासरी उत्पन्नावरच ठरते. मंडळाचं उंबरठा उत्पन्न म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी गुणिले जोखीमस्तर, म्हणजे योजनेत ठरवलेला टक्का. त्यापेक्षा या वर्षीचं उत्पन्न जेवढं कमी, त्या प्रमाणात सगळ्यांना भरपाई. म्हणजे दुसऱ्या ढिगासाठी खरिपाला दोन टक्के हप्त्यात एक साधन आहेच. सभासदांनी ते सोडता कामा नये. उघड्यावर राहतो तो शेतकरी, ज्याचं एकट्याचं गेलं आणि मंडळाची सरासरी मात्र ठीक आली. बैलाच्या एका शिंगावर पाऊस आणि दुसरं कोरडं, असं आपण म्हणतो, ते मंडळाच्या सरासरीत दिसत नाही. तुमचा निधी त्या शेतकऱ्यासाठी असावा.

आता मॉडेलकडे येतो. आपत्तींचं मॉडेल करण्याचं शास्त्र ज्या कारणाने रूढ झालं ते तुमच्या प्रश्नाशी अगदी जुळतं. ऑगस्ट १९९२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला ‘अँड्र्यू’ वादळ धडकलं. तिथल्या विमा कंपन्या मागच्या काही दशकांच्या दाव्यांची सरासरी धरून हप्ते ठरवत होत्या, आणि ती दशकं तुलनेने शांत गेली होती. त्या एका वादळात अनेक कंपन्या बुडाल्या. नोंद शांत आहे म्हणून धोका नाही, असं मानणं परवडत नाही हे त्यानंतर सगळ्यांच्या ध्यानात आलं. आपल्याला हे सांगायला फ्लोरिडा कशाला हवं? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले असताना, किल्लारी तुमच्याच तालुक्यात हादरलं. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. माणसांच्या आठवणीत असा भूकंप नव्हता, म्हणून नकाशातही नव्हता. २००२ च्या सुधारणेत पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला.

तुमच्या बारा वर्षांनाही हेच लागू आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणारी आपत्ती बारा वर्षांच्या नोंदीत अजिबात नसण्याची शक्यता ६१ टक्के असते. ९,००० हे तुमच्या वहीतलं सर्वात वाईट वर्ष आहे. तालुक्याचं सर्वात वाईट वर्ष तेच असेल असं धरू नका.

मॉडेलचे भाग चार: धोका काय आणि किती वेळा येतो, त्याच्या वाटेत काय उभं आहे, ते किती मोडतं, आणि त्यातले पैसे कोण किती भरतो. तुम्ही चौथ्या भागाच्या आकड्यांवरून थेट पहिल्याबद्दल निष्कर्ष काढताय, मधले दोन गाळून. ते दोनच महत्त्वाचे आहेत.

धोक्यासाठी भारतीय हवामान विभागाची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची चौकटवार माहिती मोफत मिळते. एक चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटरची. तुमचा तालुका मोजक्या चौकटींत बसेल. ती सरासरी असल्यामुळे एखाद्या शिवारातला ढगफुटीसारखा पाऊस तिच्यात बोथट होतो; म्हणून अलीकडच्या वर्षांसाठी महावेध या प्रकल्पाच्या मंडळवार हवामान केंद्रांशी ताडून बघा. पण सव्वाशे वर्षांची ही रांग हातात असताना बारा वर्षांवर अडून राहू नका. प्रत्येक जुन्या वर्षाचा पाऊस आजच्या पिकावर पडला असता तर काय झालं असतं, हे एकेका वर्षासाठी काढा. १९७२ मध्ये औशात सोयाबीन नव्हतं, ज्वारी होती. त्या वर्षीची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, तुम्हाला काही सांगणार नाही, पण त्या वर्षीचा पाऊस नक्की सांगेल. निघालेली नुकसानी मोठ्यापासून लहानापर्यंत लावली की अमुक रकमेपेक्षा जास्त नुकसान किती वर्षांतून एकदा, असा वक्र मिळतो. आम्ही सगळे शेवटी त्याच वक्राकडे बघतो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द सभासदांसमोर वापरताना सांभाळून वापरा. लोकांना वाटतं, एकदा आलं म्हणजे शंभर वर्षं सुटलो. तसं नाही. असं वर्ष पुढच्या तीस वर्षांत येण्याची शक्यता २६ टक्के असते, आणि काल येऊन गेलं तरी उद्याची शक्यता तेवढीच राहते.

आता किती मोडतं हा भाग. माझ्या मते याच कामात तुमचा सर्वात जास्त वेळ जावा. किल्लारीच्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप सव्वासहा तीव्रतेच्या आसपासचा. भक्कम बांधकामाच्या गावात त्याने एवढी माणसं मारली नसती. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेलं माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारं, ते जमीन हलताच खाली आलं. धक्का सगळ्यांना सारखाच बसला. कोण वाचलं हे भिंतीनं ठरवलं. पिकाचंही तसंच आहे, फक्त इथे भिंतीच्या जागी पिकाची अवस्था येते. शासनाच्या लेखी मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. तोच १०० मिलिमीटर पाऊस जूनअखेर पेरणीनंतर झाला तर फार तर दुबार पेरणीचा खर्च येतो, जुलैत झाला तर निचऱ्याच्या जमिनीत काहीच होत नाही. शेंगा वाळल्यावर सप्टेंबरअखेर झाला तर उभ्या शेंगांना कोंब फुटतात. आणि कापून पडलेल्या सोयाबीनवर झाला तर वाफसा येईपर्यंत उचलताही येत नाही, सगळं काळं पडतं. म्हणून पाऊस आणि नुकसान यांचा एकच संबंध काढू नका. पेरणीच्या तारखेपासून मोजलेल्या निदान चार टप्प्यांसाठी वेगळा काढा: उगवण, फुलोरा, शेंगा भरणं, काढणी. खंडाचं उलटं: फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पंधरा-वीस दिवस पाणी नसलं की हलक्या जमिनीतलं पीक जातं, भारी काळ्या जमिनीतलं तग धरतं. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षीचे तुमच्या सभासदांचे अनुभव जमिनीच्या प्रतीनुसार लिहून घ्या, खंडाचा वक्र त्यातूनच उभा राहील.

एक चूक इथे हटकून होते. ऑगस्टच्या खंडाने ४० टक्के आणि सप्टेंबरच्या पावसाने ७० टक्के नुकसान म्हणून ११० टक्के लिहिलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. खंडानंतर ६० टक्के पीक उरलं. पुढचं नुकसान त्या साठाचं होईल, म्हणजे ४२. एकूण ८२.

नोंदींबद्दलही एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका विमा कंपनीसाठी मी दाव्यांवरूनच धोका काढला होता. एका मंडळात तीन वर्षांत नुकसान दुप्पट होत गेलेलं दिसलं, आणि मी तिथला धोका वाढला असं लिहून दिलं. पुढे त्या गावांत गेलो तेव्हा कळलं की पाऊस बदलला नव्हता. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत पूर्वसूचना द्यायची अट होती, आणि एका गावातला पोरगा रात्र-रात्र बसून सगळ्यांच्या सूचना मोबाईलवरून भरून देत होता. शेजारच्या गावात तेवढंच नुकसान झालं होतं. तिथे कुणी भरलं नाही, म्हणून माझ्या वहीत शून्य होतं. त्या अहवालाची मला आजही खंत आहे, कारण त्यावरून हप्ते ठरले. तुमच्या बारा आकड्यांतही पाच शून्यं आहेत. ती खरीच शून्यं आहेत की त्या वर्षी पंचनामेच झाले नाहीत? जुन्या सभासदांना वर्षागणिक विचारा. पंचनामा, विमा दावा आणि प्रत्यक्ष नुकसान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एका रकान्यात मिसळू नका.

आता पैशांची रचना. समजा निधीने ठरवलं की एकरी पहिलं १,५०० रुपयांचं नुकसान शेतकऱ्याने सोसायचं आणि त्यावर जास्तीत जास्त ४,००० द्यायचे. तुमच्या वहीतल्या तिन्ही वाईट वर्षांत प्रत्येकी ४,००० जातील, २,५०० च्या वर्षी १,०००, बाकी शून्य. वार्षिक सरासरी २,४०० वरून १,०८३ वर आली, आणि सर्वात वाईट वर्षाचा खर्च एक कोटी वीस लाखांवर थांबला. एकरी १,३०० वर्गणी घेतली तर वर्षाला ३९ लाख जमतात. म्हणजे पहिल्याच वर्षी फटका बसला तर ८१ लाख कमी पडतात. ते कुठून येणार, हे वर्गणी गोळा करण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे: बीजभांडवल, राखीव कर्जमर्यादा, किंवा गटविमा.

हे गणित मात्र ढोबळ आहे, कारण मी वजावट, म्हणजे शेतकऱ्याने सोसायचे ते पहिले १,५००, सरासरीवर लावली. शेतावर लावली की चित्र बदलतं. एकरी ८०० सरासरीचं वर्ष घ्या. ते बहुधा असं असेल की शंभरातल्या आठ शेतांचं दहा हजारांचं नुकसान झालं आणि बाकी ब्याण्णवांचं काहीच नाही. सरासरीवर बघितलं तर निधी शून्य देतो. शेतावर बघितलं तर त्या आठ जणांना ४,००० मिळतात, आणि निधीला पडतात एकरी ३२०, तीन हजार एकरांवर ९ लाख ६० हजार. निधी कुणासाठी, असं जे वर म्हटलं, ते हेच आठ जण. आणि हा खर्च तुमची कंपनी न डगमगता पेलू शकते.

सगळ्यांच्या नुकसानीचं ओझं थरांत कसं वाटतात याचा नमुना आपल्याच विभागात आहे. बीड जिल्ह्यात विमा कंपन्या पुढे येईनात, तेव्हा २०२० च्या खरिपात ‘बीड पॅटर्न’ आला. भरपाई जमलेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत कंपनीने द्यायची, त्यावरची राज्याने. भरपाई कमी निघाली तर कंपनीने हप्त्याच्या २० टक्के ठेवून बाकी राज्याला परत करायची. त्याच्या गुणदोषांवर वेगळं बोलता येईल. तुमच्या कामाचा भाग एवढाच की कंपनीच्या थराला वरची मर्यादा होती आणि मर्यादेपलीकडे कोण उभं आहे हे आधी लिहिलेलं होतं. तुमच्या नियमावलीतही मंडळव्यापी नुकसानीच्या वर्षासाठी एकूण खर्चाची मर्यादा घाला, आणि ती ओलांडली तर सगळ्यांची मदत त्याच प्रमाणात कमी होईल हे सभासदांना पहिल्याच सभेत सांगा.

कायद्याचंही बघावं लागेल. वर्गणी घेऊन ठरावीक नुकसानीला ठरावीक रक्कम देण्याचं वचन दिलंत की तो विमा होतो, आणि विमा प्राधिकरणाची नोंदणी असल्याशिवाय तो धंदा करता येत नाही. निधी साहाय्याचा ठेवायचा, हक्काचं वचन न देता, की परवाना असलेल्या कंपनीकडून गटविमा घ्यायचा, हे वकील आणि सनदी लेखापालाला बसवून ठरवा. मी यात सल्ला देण्याइतका जाणकार नाही.

वर्गणीचा नेमका आकडा मी इथून सांगणार नाही, कारण तो तुमच्या सभासदांची शेतं कुठे आहेत यावर फिरतो. तेरणा आणि तावरजाच्या काठाला किती एकर, माळाच्या मुरमाड जमिनीत किती, चिबड किती, बीबीएफ यंत्राने रुंद वरंब्यावर पेरणारे किती. हजारांपैकी दीडशे जण नदीकाठचे असतील आणि वर्गणी सगळ्यांना सारखीच ठेवलीत तर माळावरचे दोन वर्षांत बाहेर पडतील, आणि मागे फक्त पुरात बुडणारे उरतील.

तेव्हा पाऊस पडायच्या आत प्रत्येक सभासदाचं शेत मोबाईलवर बांधाला उभं राहून नकाशावर टिपून घ्या. सोबत जमिनीची प्रत, ओढ्यापासूनचं अंतर, पेरणीची नेहमीची तारीख, आणि २०२१, २०२३ व २०२५ मध्ये त्या शेतात काय झालं ते त्याच्याच तोंडून. हजार जणांचं महिनाभराचं काम आहे, चार पोरं लागतील. ही यादी तयार झाली की पहिल्या ढिगाची वर्गणी साध्या तक्त्यात काढता येते, त्याला महागडी प्रणाली लागत नाही. यादी झाली की नावं काढून इथेच टाका, आपण पुढचं गणित एकत्र करू.